तुमचे खासगी ईमेल कुणी विनापरवानगी ऑनलाइन टाकले तर काय करायचं

विश्वासाने एका माणसाला लिहिलेला मजकूर अचानक चव्हाट्यावर येतो, ओळखपाळख नसलेले लोक त्यावर शेरे मारतात, स्क्रीनशॉट पुढे पुढे जात राहतात. ज्याच्यावर ही वेळ येते तो आतून हादरतो. अशा वेळी बरेच जण एक गोष्ट गृहीत धरून गप्प बसतात. मेल आपणच पाठवला, समोरच्याला मिळाला, आता तो त्याचा, त्याने तो कुठेही टाकावा. हे गृहीतक साफ चुकीचं आहे. पाठवलेल्या मेलवरचा तुमचा हक्क पाठवल्याने संपत नाही. फक्त तो कोणत्या कायद्याखाली मागायचा हे मेल कसा बाहेर आला, कुणी टाकला आणि त्यात काय लिहिलं होतं यावर ठरतं.

पुढची पावलं ज्या क्रमाने टाकावीत त्याच क्रमाने दिली आहेत. मेल लिहिणारा एका देशात, तो टाकणारा दुसऱ्या देशात आणि वेबसाइटची कंपनी तिसऱ्याच देशात असं सर्रास असतं. म्हणून भारतातल्या कायद्याबरोबरच इंग्लंड, युरोपीय संघ आणि अमेरिका इथले नियमही जिथे उपयोगाचे आहेत तिथे सांगितले आहेत.

पहिलं पाऊल: काढायला सांगण्याआधी पुरावा धरून ठेवा

पहिली इच्छा होते ती समोरच्याला फोन करून झापायची. थोडं थांबा. तुमचा फोन गेला की पोस्ट पाच मिनिटांत बदलली किंवा उडवली जाऊ शकते, आणि मग ती कधी होती, किती दिवस होती, हे सिद्ध करत बसावं लागतं.

पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात वरची लिंक आणि तारीख-वेळ दिसली पाहिजे. लिंक वेगळी कॉपी करून एका फाइलमध्ये लिहून ठेवा. लिंक त्या नेमक्या पोस्टची हवी, टाकणाऱ्याच्या प्रोफाइलची नको. पान पीडीएफ म्हणूनही जतन करा. खालच्या प्रतिक्रिया, किती जणांनी पुढे पाठवलं याचे आकडे, टाकणाऱ्याने वर जोडलेलं स्वतःचं वाक्य, हे सगळं टिपा. नुकसानीचा अंदाज आणि हेतू त्यातूनच दिसतो. शक्य असेल तर विश्वासातल्या एका माणसाला त्याच्या स्वतःच्या उपकरणावरून तेच पान उघडून जतन करायला सांगा, म्हणजे उद्या साक्षीला दुसरा माणूस असतो. पान इंटरनेटवरच्या सार्वजनिक संग्रहात मात्र शक्यतो टाकू नका. पुरावा राहतो हे खरं, पण तुमच्या खासगी मजकुराची आणखी एक जाहीर प्रत तयार होते.

आता मूळ मेलकडे या. पाठवलेल्या मेलच्या फोल्डरमधला तो मेल रागाच्या किंवा लाजेच्या भरात पुसू नका. तुम्हीच तो लिहिला याचा सर्वात भक्कम पुरावा तोच आहे. तो स्वतःलाच फॉरवर्ड करून ठेवणंही पुरेसं नाही, कारण फॉरवर्ड केलेला मेल हा नवा मेल असतो आणि जुन्याचा हेडर त्यात जसाच्या तसा येत नाही. हेडर म्हणजे मेलच्या मजकुरामागे दडलेल्या ओळी: मेलचा स्वतंत्र ओळखक्रमांक, तो कोणकोणत्या सर्व्हरवरून गेला, प्रत्येक ठिकाणी किती वाजता पोचला. जवळपास सगळ्याच मेल सेवांमध्ये ‘मूळ संदेश दाखवा’ किंवा ‘संदेश डाउनलोड करा’ अशा अर्थाचा पर्याय असतो. त्याने ईएमएल प्रकारची फाइल उतरते आणि तिच्यात हेडर शाबूत राहतो. ती जपून ठेवा.

मग प्रसिद्ध झालेला मजकूर आणि तुमचा मूळ मेल शेजारी ठेवून ओळ न ओळ वाचा. हे काम कंटाळवाणं आहे आणि मजकूर पुन्हा वाचताना त्रासही होतो, पण टाळू नका. एखादं वाक्य गाळलंय का? दोन वेगवेगळ्या मेलचे तुकडे एकत्र जोडलेत का? तारीख कापलीय का? मजकुरात फेरफार असेल तर प्रश्न फक्त खासगीपणाचा राहत नाही. बदनामीचा आणि प्रसंगी बनावट दस्तऐवजाचाही होतो.

भारतात इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर त्यासोबत प्रमाणपत्र लागतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या कलम 65ब खाली असायचं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 63 लागू आहे, आणि त्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइलमध्ये जराही बदल झाला तर बदलणारा तिचा डिजिटल ठसाही, द्यावी लागते. मूळ उपकरणच कोर्टात हजर करता येत नसेल तर हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात 2020 मध्ये स्पष्ट केलं. म्हणून ज्या फोनवरून किंवा संगणकावरून स्क्रीनशॉट घेतले तो एवढ्यात विकू नका, फॉरमॅटही करू नका.

दुसरं पाऊल: मेल बाहेर आला कसा, ते शोधा

पुढचं सगळं या उत्तरावर अवलंबून आहे. ज्याला पाठवला त्यानेच टाकला का? त्याने तिसऱ्याला दिला आणि तिसऱ्याने टाकला का? कुणी तुमच्या खात्यात शिरलं का? की तो मेल एखाद्या खटल्याच्या कागदपत्रांतून किंवा सरकारी दप्तरातून बाहेर आला?

खात्यात शिरकाव झाल्याची किंचितही शंका असेल तर आधी खात्याच्या सुरक्षा विभागातली अलीकडच्या लॉगिनची यादी उघडा. कोणत्या उपकरणावरून, कोणत्या भागातून, किती वाजता प्रवेश झाला ते दिसतं. त्याचा स्क्रीनशॉट घ्या, आणि त्यानंतरच सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करून पासवर्ड बदला. क्रम उलटा झाला तर यादीतल्या नोंदी दिसेनाशा होण्याची भीती असते.

पासवर्ड बदलला म्हणजे झालं असंही नाही. सेटिंगमध्ये जाऊन फॉरवर्डिंग आणि फिल्टर हे दोन भाग उघडून पाहा. घुसखोर अनेकदा तिथे एक नियम लावून ठेवतो: अमुक नावाचा किंवा अमुक शब्दाचा मेल आला की त्याची प्रत तमुक पत्त्यावर जावी. पासवर्ड बदलला तरी हा नियम चालूच राहतो आणि तुमचे नवे मेल, अगदी वकिलाला लिहिलेलेसुद्धा, त्याच्याकडे जात राहतात. नियम सापडला तर त्याचाही स्क्रीनशॉट घ्या आणि मगच काढा. त्यातला पत्ता हा तपासाचा पहिला धागा असतो. पर्यायी ईमेल पत्ता, फोन नंबर आणि खात्याला जोडलेली बाहेरची ॲप्सही तपासा, आणि दुहेरी पडताळणी चालू करा.

तिसरं पाऊल: तुमच्या बाजूने कोणता कायदा आहे ते ओळखा

एकाच घटनेला तीन-चार कायदे लागू पडू शकतात. सगळ्यात दुर्लक्षित, पण व्यवहारात सगळ्यात लवकर कामी येणारा म्हणजे कॉपीराइट. त्याच्यावर जरा सविस्तर लिहितो.

पत्र ज्याला मिळालं तो कागदाचा मालक, पण शब्दांचा मालक लिहिणाराच, हे तत्त्व जुनं आहे. 1741 मध्ये कवी अलेक्झांडर पोप यांनी प्रकाशक एडमंड कर्ल यांच्यावर इंग्लंडमध्ये दावा केला. कर्ल यांनी पोप यांचा पत्रव्यवहार न विचारता छापला होता. लॉर्ड चॅन्सलर हार्डविक यांनी ठरवलं की पत्र मिळाल्याने ते जगापुढे छापायचा परवाना मिळत नाही. त्याच निकालात आणखी एक बारकावा आहे, तो आजही जसाच्या तसा लागू पडतो. मनाई हुकूम फक्त पोप यांनी लिहिलेल्या पत्रांपुरता राहिला. त्यांना आलेल्या पत्रांना तो लागू झाला नाही, कारण ती पत्रं लिहिणारे दुसरे होते. म्हणजे तुमच्याविषयी दुसऱ्याने लिहिलेला मेल फुटला, तर कॉपीराइटची तक्रार तुम्ही करू शकत नाही, ती त्या लेखकालाच करावी लागेल. तुमच्यासाठी मग खासगीपणाचा किंवा बदनामीचा मार्ग उरतो.

आजच्या कायद्यातही लेखकाचा हक्क लिहिताक्षणी निर्माण होतो. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत त्यासाठी नोंदणी लागत नाही, आणि जगातले बहुतेक देश या करारात आहेत. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातही नोंदणी ऐच्छिक आहे. मेलमध्ये साहित्यिक गुण असले पाहिजेत असंही काही नाही, तुमच्या शब्दांत स्वतः रचून लिहिलेला मजकूर पुरतो. ‘ठीक आहे, उद्या भेटू’ अशा एका ओळीवर मात्र हक्क सांगता येत नाही.

इंग्लंडमधलं अलीकडचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. डचेस ऑफ ससेक्स मेगन यांनी वडिलांना 2018 मध्ये लिहिलेल्या पत्राचा मोठा भाग ‘मेल ऑन सन्डे’ने फेब्रुवारी 2019 मध्ये छापला. फेब्रुवारी 2021 मध्ये हायकोर्टाने पूर्ण सुनावणीविनाच मुख्य मुद्द्यांवर त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि डिसेंबर 2021 मध्ये अपील कोर्टाने तो कायम ठेवला. वडिलांबद्दल आधी छापून आलेलं खोडून काढायला पत्राचा छोटा अंश देणं कदाचित समर्थनीय ठरलं असतं, निम्मं पत्र छापणं नव्हे, असा अपील कोर्टाचा रोख होता. पत्र वडिलांच्या ताब्यात होतं आणि त्यांनीच ते वृत्तपत्राला दिलं, याने काही फरक पडला नाही.

कॉपीराइटच्या मर्यादाही समजून घ्या. तो शब्दांना आणि मांडणीला संरक्षण देतो, माहितीला देत नाही. कुणी तुमच्या मेलचा सारांश स्वतःच्या शब्दांत दिला तर कॉपीराइट मोडला जात नाही. टीका, समीक्षा किंवा चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी वाजवी प्रमाणात उद्धृत करण्याची मुभा भारताच्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये आहे, तशीच ती बहुतेक देशांत कुठल्या ना कुठल्या रूपात आहे. आणि नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या मेलचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, साधारणपणे मालकाकडे असतो. कंपनीच्या कामाचा मेल फुटला तर आधी कंपनीच्या कायदा विभागाला कळवा.

दुसरा आधार गोपनीयता आणि खासगीपणा. भारतात आर. राजगोपाल प्रकरणात 1994 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माणसाचं घर, लग्न, मुलं, शिक्षण अशा बाबींवर त्याच्या संमतीशिवाय काही छापता येत नाही, मग ते खरं असो वा खोटं, स्तुतीचं असो वा टीकेचं. सार्वजनिक दप्तरात असलेल्या गोष्टी मात्र त्यातून वगळल्या. पुढे 24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने मान्य केलं. ‘पण त्यात खोटं काय आहे?’ हा प्रश्न पीडिताच्या तोंडावर हमखास फेकला जातो. खासगीपणाच्या दाव्यात मजकूर खरा असणं हा बचाव होत नाही, हे पक्कं लक्षात असू द्या.

मेलच्या तळाशी आपोआप लागणारी ‘हा संदेश गोपनीय आहे’ ही ओळ ढाल आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. नुसत्या त्या ओळीने समोरच्यावर करार लादला जात नाही. तिचा उपयोग एवढाच की मजकूर खासगी ठेवायची तुमची इच्छा होती हे तिच्यातून दिसतं. दोघांमधलं नातं, आधीचं बोलणं, लेखी गोपनीयता करार, मजकुराचं स्वरूप, या गोष्टींचं वजन त्याहून कितीतरी जास्त असतं. मेलमध्येच ‘हे आपल्या दोघांत ठेव’ असं हाताने लिहिलं असेल तर ते वाक्य अधोरेखित करून ठेवा.

तिसरा आधार चोरीचा. परवानगीशिवाय खात्यात शिरणं हे भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 आणि 66 खाली येतं. 66 मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमचा पासवर्ड वापरला असेल तर 66क लागतं. करारानुसार सेवा देताना हाती आलेली वैयक्तिक माहिती कुणी नुकसान करायच्या हेतूने उघड केली, उदाहरणार्थ तुमचा संगणक दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या माणसाने, तर 72अ. एखाद्या बाईच्या ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये पाठलागाच्या गुन्ह्यात धरलं आहे. जुन्या जोडीदाराने पासवर्ड माहीत असल्याचा फायदा घेतला असेल तर हे कलम विसरू नका. एकेकाळी पासवर्ड स्वतः दिला होता, म्हणजे कायमची परवानगी दिली असा अर्थ होत नाही.

वैयक्तिक विदेच्या, म्हणजे डेटाच्या, संरक्षणाचे कायदे आणखी वेगळे. युरोपीय संघात 25 मे 2018 पासून जीडीपीआर हा विदा संरक्षणाचा कायदा लागू आहे. त्याच्या कलम 17 मध्ये विदा पुसायला सांगण्याचा हक्क आहे, आणि विनंतीला साधारण एका महिन्यात उत्तर देणं बंधनकारक आहे. ‘मी तर खासगी व्यक्ती, मला हा कायदा लागत नाही’ असं टाकणारा म्हणू शकतो, पण इंटरनेटवर सगळ्यांना दिसेल असं टाकणं घरगुती वापरात बसत नाही, हे युरोपीय न्यायालयाने 2003 मध्येच लिंडक्विस्ट प्रकरणात सांगितलंय. भारताचा 2023 चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. त्यात वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी विदा वापरणाऱ्याला सूट आहे, आणि दंडाची रक्कम सरकारजमा होते, तुम्हाला मिळत नाही. तेव्हा एखाद्या कंपनीकडून तुमचे मेल फुटले तर तो कामाचा, भरपाईसाठी मात्र दुसरा रस्ता धरावा लागतो.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. प्रत्येक फुटलेला मेल अन्यायच असतो असं नाही. लाच मागणारा, धमकी देणारा, लोकांच्या जिवाला धोका लपवणारा मेल कुणी उघड केला तर कायदा आणि विवेक दोन्ही उघड करणाऱ्याकडे झुकतात, आणि तसंच असायला हवं. अमेरिकेत 2001 च्या बार्टनिकी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एका रेडिओ निवेदकाला संरक्षण दिलं. दुसऱ्या कुणीतरी बेकायदा टेप केलेलं फोनवरचं बोलणं त्याने ऐकवलं होतं, पण टेप करण्यात त्याचा हात नव्हता आणि विषय सार्वजनिक महत्त्वाचा होता. तुमच्या मेलमध्ये खरोखर सार्वजनिक हिताचं काही असेल, तर पुढची पावलं वकिलाला विचारूनच टाका.

चौथं पाऊल: टाकणाऱ्याला एकदा लेखी कळवा

घुसखोर अनोळखी असेल, तुम्हाला शारीरिक धोका असेल किंवा कुणी पैसे मागत असेल तर हे पाऊल वगळून थेट पोलिसांकडे जा. खंडणीखोराला पैसे देऊ नका, त्याचे संदेश पुसू नका. बाकी बहुतेक प्रकरणांत एक शांत, छोटं पत्र पुष्कळ काम करून जातं. ते साधारण असं असावं:

‘दिनांक … रोजी मी … यांना पाठवलेला खासगी ईमेल तुम्ही पुढील लिंकवर प्रसिद्ध केला आहे: … हा मजकूर मी लिहिलेला असून त्याचा कॉपीराइट माझा आहे. तो प्रसिद्ध करण्यास मी संमती दिलेली नाही. दिनांक … संध्याकाळी सहापर्यंत तो सर्व ठिकाणांहून काढावा, त्याच्या प्रती आणखी कुणाला दिल्या असल्यास ते कळवावं आणि पुन्हा प्रसिद्ध करणार नाही असं लेखी द्यावं. माझे सर्व कायदेशीर हक्क राखून हे पत्र पाठवत आहे.’

बस, एवढंच. रागाचं एक वाक्य नको, जुन्या भांडणाचा उल्लेख नको, ‘बघून घेईन’ तर अजिबात नको. हे पत्रही तो माणूस ऑनलाइन टाकू शकतो, हे धरूनच लिहा. वाचणाऱ्या तिऱ्हाइताला तुम्ही समंजस वाटला पाहिजेत.

पाचवं पाऊल: प्लॅटफॉर्म आणि सर्च इंजिन

उत्तर आलं नाही तर ज्या सेवेवर मजकूर आहे तिच्याकडे जा. भारतात 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक मध्यस्थ सेवेला, म्हणजे इतरांचा मजकूर ठेवणाऱ्या किंवा पोचवणाऱ्या वेबसाइट-ॲपला, तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करावा लागतो, आणि तक्रार मिळाल्याची पोच 24 तासांत द्यावी लागते. दुसऱ्याच्या खासगीपणावर घाला घालणारा मजकूर ठेवायचा नाही, हे वापरकर्त्याला बजावण्याची जबाबदारीही याच नियमांत आहे. तक्रारीत नियम 3(1)(ब) चा उल्लेख करा. निर्णय पटला नाही तर 30 दिवसांच्या आत तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं आणि त्यासाठी वकील लागत नाही.

कॉपीराइटची नोटीस वेगळी पाठवा. अमेरिकी कंपन्यांच्या सेवांवर 1998 च्या डीएमसीए या अमेरिकी कॉपीराइट कायद्याची पद्धत चालते आणि ती जगभरातल्या लेखकांना खुली आहे. मूळ कृती कोणती, आक्षेपार्ह लिंक कोणती, तुमचा संपर्क, हा वापर विनापरवानगी आहे अशा प्रामाणिक समजुतीचं निवेदन, माहिती अचूक असल्याचं निवेदन आणि सही, एवढं लागतं. समोरच्याने प्रतिनोटीस दिली आणि तुम्ही 10 ते 14 कामकाजाच्या दिवसांत दावा लावला नाही, तर मजकूर परत येऊ शकतो. भारतातल्या कॉपीराइट नियम 75 मध्ये नोटिशीनंतर 36 तासांत मजकूर रोखायची तरतूद आहे, पण 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला होऊ शकतो. म्हणजे नोटीस पाठवायच्या आधीच पुढची तयारी हवी.

इथे एक सापळा आहे. तुमची नोटीस टाकणाऱ्यापर्यंत पोचते, आणि काही कंपन्या आलेल्या नोटिसा सार्वजनिक संग्रहातही देतात. म्हणून मेलचा मजकूर नोटिशीत चिकटवू नका. ‘अमुक तारखेला अमुक वाजता मी लिहिलेला अप्रकाशित ईमेल’ एवढं वर्णन पुरतं. घरचा पत्ता द्यायची भीती वाटत असेल तर वकिलामार्फत पाठवा. आणि जे तुम्ही लिहिलेलंच नाही त्याच्यावर हक्क सांगू नका. जाणूनबुजून खोटी डीएमसीए नोटीस दिली तर त्या कायद्याच्या कलम 512 खाली भरपाई तुमच्याकडूनच वसूल होऊ शकते.

मूळ पान निघालं तरी सर्च इंजिनच्या निकालांत ते काही काळ दिसत राहतं. कालबाह्य निकाल काढण्याचा अर्ज वेगळा करावा लागतो. फोन नंबर, घराचा पत्ता यांसारखी संपर्काची माहिती उघडी पडली असेल तर त्यासाठीही स्वतंत्र अर्ज असतो. युरोपात राहणाऱ्यांना नावाच्या शोधातून निकाल हटवायची मागणी करण्याचा हक्क 13 मे 2014 च्या गूगल स्पेन निकालापासून आहे. मेलसोबत नग्न किंवा तशी अत्यंत खासगी छायाचित्रं बाहेर पडली असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून तीच तक्रार आधी करा. त्यासाठी बहुतेक मोठ्या सेवांवर वेगळी, जलद व्यवस्था असते.

सहावं पाऊल: पोलीस आणि कोर्ट

भारतात राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर ऑनलाइन तक्रार देता येते. खात्यात शिरकाव, धमकी, खंडणी हे प्रकार असतील तर एफआयआरचा आग्रह धरा. घटना कुठल्याही हद्दीतली असो, कोणतंही पोलीस ठाणं ती झिरो एफआयआर म्हणून नोंदवू शकतं. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने माहिती दिली तर तीन दिवसांत सही करावी लागते. नोंदवून घेतलं नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. बदनामी मात्र अदखलपात्र आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खालची तक्रार थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेच करायची असते. खाते फोडल्याची भरपाई हवी असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे, म्हणजे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांकडे, पाच कोटींपर्यंतचा दावा करता येतो.

दिवाणी कोर्टात सगळ्यात मोलाचा असतो तो तात्पुरता मनाई हुकूम. टाकणारा कोण हेच माहीत नसेल तरी अडत नाही. भारतात ‘अशोक कुमार’ या कल्पित नावाविरुद्ध आदेश मिळतात आणि त्यांच्या आधारे प्लॅटफॉर्मकडून खऱ्या माणसाचा तपशील मागता येतो. कॉपीराइटचा दावा तुम्ही जिथे राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात लावायची सोय कॉपीराइट कायद्याच्या कलम 62 मध्ये आहे, दूरच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत.

मुदतीचं भान ठेवा. लेखी बदनामीच्या दिवाणी दाव्याला भारतात आणि इंग्लंडमध्येही प्रसिद्धीपासून एक वर्षच मिळतं. कॉपीराइट भंगाला भारतात तीन वर्षं आहेत. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर 1987 च्या विधी सेवा कायद्याखाली मोफत मदत मिळते. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. त्यासाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक 15100 आहे.

कोर्टात जायच्या आधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: आत्ता हा मजकूर किती लोकांनी पाहिलाय? 2003 मध्ये गायिका बार्बरा स्ट्रायसँड यांनी आपल्या घराचं हवाई छायाचित्र काढून टाकण्यासाठी दावा लावला. तोवर ते छायाचित्र सहा वेळा डाउनलोड झालं होतं, त्यातलेही दोनदा त्यांच्याच वकिलांकडून. दाव्याची बातमी झाली आणि पुढच्या महिन्याभरात चार लाखांहून जास्त लोकांनी ते पाहिलं. कोपऱ्यातल्या पोस्टवर दहा माणसं असतील तर चौथं आणि पाचवं पाऊल पुरे, कोर्टाचा गाजावाजा नको. मजकूर हजारोंनी पाहिला असेल, नोकरी किंवा सुरक्षितता धोक्यात असेल, तर मात्र कचरू नका.

समझोता झाला तर

बरीच प्रकरणं मधेच मिटतात. तेव्हा नुसत्या ‘सॉरी, काढलं’ वर थांबू नका. लेखी समझोत्यात या गोष्टी घालून घ्या: फोन, क्लाउड आणि बॅकअपमधल्या प्रती पुसल्या, ज्यांना पाठवल्या त्यांची नावं दिली, पुन्हा प्रसिद्ध केलं तर ठरावीक रक्कम देईन, आणि तुमच्या मजकुराचा सारांशही कुठे देणार नाही. हा शेवटचा मुद्दा मुद्दाम घाला, कारण सारांशाला कॉपीराइट अडवू शकत नाही, करार अडवू शकतो. मेलमधलं एखादं वेगळं, सहसा कुणी लिहिणार नाही असं वाक्य निवडा, आणि दर पंधरवड्याला ते अवतरणचिन्हांत टाकून शोधत राहा. वर्षभर तरी हे करा. नवी प्रत दिसली की स्क्रीनशॉट आधी, नोटीस नंतर.